बॅटरी ऊर्जा साठवण प्रकल्प : अग्निसुरक्षा आणि शासकीय नियमनाचा इतिहास

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील बाबी समजतील :

१. मोठ्या बॅटरी प्रकल्पातील आग इतर आगींपेक्षा वेगळी का असते.
२. १९८० च्या दशकापासून २०२५ पर्यंत या क्षेत्रातील सुरक्षा-नियम कसे घडत गेले.
३. ॲरिझोना, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या अमेरिकी राज्यांच्या अनुभवातून कोणते धडे मिळाले.
४. या अनुभवाचा भारतातील नियमनाशी कसा संबंध जोडता येतो.

१. प्रस्तावना

सूर्य मावळला की सौर वीज थांबते, पण विजेची मागणी नेमकी संध्याकाळीच वाढते. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवून ठेवण्यासाठी जगभर मोठमोठे बॅटरी प्रकल्प उभे राहत आहेत. बाहेरून पाहिले तर मालवाहू कंटेनरच्या रांगा दिसतात. आत हजारो लिथियम-आयन सेल असतात. या प्रकल्पांना आग लागली तर ती कशी हाताळावी, ते कोठे उभारू द्यावेत, त्यांची तपासणी कोणी करावी आणि नियम कोणी लिहावेत, हे प्रश्न गेल्या पंधरा वर्षांत अनेक देशांच्या शासनांसमोर आले.

या पाठात आपण त्या नियमनाचा इतिहास पाहणार आहोत. यातील बरेचसे नियम दुर्घटनांनंतर लिहिले गेले. कारखाने, खाणी आणि रेल्वे यांच्या इतिहासातही असेच घडले आहे, त्यामुळे यात नवल वाटण्यासारखे काही नाही. बॅटरीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट अधिक विचार करायला लावते. बॅटरीतून निघणारा वायू कोंडू देऊ नये, हे तत्त्व जुन्या तंत्रज्ञांना चांगले ठाऊक होते. नव्या तंत्रज्ञानाबरोबर ते मागे पडले आणि जवान जखमी झाल्यावर पुन्हा नियमात आले. ज्ञान असे का हरवते आणि परत येताना त्याची किंमत कोण मोजतो, हा या पाठाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. बॅटरी-खोलीचा जुना नियम

लिथियम-आयन येण्यापूर्वी मोठ्या साठवणीसाठी शिसे-आम्ल बॅटरी वापरली जात असे. टेलिफोन एक्स्चेंज, रेल्वेची सिग्नल यंत्रणा, वीज उपकेंद्रे यांच्या शेजारी बॅटरीची स्वतंत्र खोली असे आणि भिंतीत वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा फिरत असे. त्यामागे साधे रसायनशास्त्र आहे. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू निघतो. हवेत हायड्रोजनचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने ते मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणून बॅटरी-खोलीत खेळती हवा असलीच पाहिजे, हा या व्यवसायातील पहिला नियम होता.

वीजजाळ्यासाठी मोठी बॅटरी उभारण्याचे प्रयोगही याच बॅटरीवर झाले. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीने १९८८ मध्ये चिनो येथे १० मेगावॉट क्षमतेचा आणि ४० मेगावॉट-तास साठवणीचा शिसे-आम्ल प्रकल्प सुरू केला. हे प्रयोग मोजके होते. त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा अशी गरज शासनाला वाटली नाही. नियमांच्या पुस्तकात ‘बॅटरी’ म्हणजे इमारतीतील राखीव विजेची शिसे-आम्ल बॅटरी, असाच अर्थ दीर्घकाळ राहिला.

३. लिथियम-आयन : नवे तंत्र, बंद पेटी

लिथियम-आयन बॅटरी कमी जागेत कितीतरी अधिक ऊर्जा साठवते आणि नेहमीच्या वापरात तिच्यातून वायू निघत नाही. त्यामुळे खेळत्या हवेची गरज संपली असा समज झाला. या बॅटरीला ठरावीक तापमान लागते. म्हणून सेल, मॉड्यूल आणि रॅक यांची मांडणी वातानुकूलित, घट्ट बंद कंटेनरमध्ये होऊ लागली. आग लागलीच तर विझवण्यासाठी वायुरूप अग्निशामक रसायन बसवले गेले. असे रसायन परिणामकारक ठरायचे तर ते खोलीत कोंडून राहावे लागते. म्हणजे कंटेनर बंद ठेवण्यास आणखी एक कारण मिळाले.

लिथियम-आयन सेल बिघडला तर काय होते, हे येथे समजून घेणे आवश्यक आहे. सेलमध्ये धन आणि ऋण अग्रांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो आणि ज्वलनशील सेंद्रिय द्रावण भरलेले असते. आतील दोष, बाहेरील उष्णता, प्रमाणाबाहेर चार्जिंग किंवा पाण्यामुळे झालेला शॉर्ट सर्किट यांमुळे सेल तापू लागतो. एका मर्यादेपलीकडे आतील रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करतात, त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होतात आणि तापमान हाताबाहेर जाते. याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. आपण त्याला ‘अनियंत्रित उष्णतावाढ’ म्हणू. या अवस्थेत सेल हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि थोड्या प्रमाणात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू बाहेर टाकतो. शेजारचा सेल त्या उष्णतेने तापतो आणि साखळी सुरू होते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ज्वाळा विझल्या म्हणजे धोका संपला असे येथे होत नाही. सेलच्या आतील क्रिया चालूच राहते आणि निघणारा वायू न जळता साचू लागतो. ज्या बंद पेटीत आग विझवण्याचे रसायन कोंडले जाते, त्याच पेटीत हा वायूही कोंडला जातो.

धोक्याचे हे स्वरूप नियमांत उतरण्याआधी धोरणे पुढे गेली होती. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१० मध्ये ‘एबी २५१४’ हा कायदा केला. त्याआधारे राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने २०१३ मध्ये खासगी वीज कंपन्यांना २०२० पर्यंत १,३२५ मेगावॉट साठवण मिळवण्याचे लक्ष्य दिले. २०१५ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसजवळ अलिसो कॅन्यन येथील नैसर्गिक वायूच्या भूमिगत साठ्यातून मोठी गळती सुरू झाली. वायूच्या टंचाईवर उतारा म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियात घाईने बॅटरी प्रकल्प उभारले गेले. २०१८ च्या फेब्रुवारीत फेडरल ऊर्जा नियामक आयोगाने ‘आदेश ८४१’ काढून साठवण प्रकल्पांना घाऊक वीजबाजार खुला केला. बाजाराचे नियम असे तयार झाले, आणि अग्निसुरक्षेचे राष्ट्रीय मानक त्या वेळी अजून मसुद्यातच होते.

४. दुर्लक्षित इशारे

इशारे मिळाले नव्हते असे नाही. २०११ च्या सप्टेंबरात जपानमध्ये एका कारखान्यातील सोडियम-सल्फर बॅटरीला आग लागली. हवाई बेटांवरील काहुकू पवन प्रकल्पाच्या १५ मेगावॉट बॅटरी-इमारतीत २०११ आणि २०१२ या दोन वर्षांत तीनदा आग लागली. ऑगस्ट २०१२ च्या तिसऱ्या आगीत विषारी धुरामुळे जवानांना कित्येक तास आत जाता आले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे १.५ मेगावॉटचा लिथियम-आयन संच जळाला. या घटना प्रयोगावस्थेतील अपघात म्हणून पाहिल्या गेल्या. प्रत्येकीत तंत्रज्ञान किंवा कंपनी वेगळी असल्याने सामाईक धडा काढला गेला नाही.

दक्षिण कोरियात मात्र दुर्लक्ष करणे अशक्य झाले. सौर आणि पवन प्रकल्पांबरोबर बॅटरी बसवणाऱ्यांना तेथील शासनाने भरघोस सवलती दिल्या आणि अल्पावधीत शेकडो संच उभे राहिले. ऑगस्ट २०१७ ते मे २०१९ या काळात त्यांपैकी २३ संचांना आगी लागल्या. शासनाने नेमलेल्या चौकशी समितीने जून २०१९ मध्ये चार कारणे सांगितली : विद्युत आघातापासून अपुरे संरक्षण, ओलावा व धूळ असलेल्या जागांची निकृष्ट देखभाल, सदोष उभारणी, आणि वेगवेगळ्या यंत्रणांमध्ये समन्वय नसणे. अहवालानंतरही काही महिन्यांत आणखी पाच आगी लागल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये दुसऱ्या समितीने त्यांपैकी बहुतेक घटनांत खुद्द बॅटरीतील दोषाकडे बोट दाखवले. उत्पादक कंपन्यांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. आगीत पुरावाच जळून जातो, त्यामुळे कारणांविषयी असा वाद या क्षेत्रात वारंवार दिसतो.

५. मॅकमिकन, १९ एप्रिल २०१९

नियमांच्या इतिहासाला खरे वळण मिळाले ते ॲरिझोना राज्यातील सरप्राइझ या शहरात. फिनिक्सच्या वायव्येला असलेल्या या शहरात ‘ॲरिझोना पब्लिक सर्व्हिस’ या वीज कंपनीचा ‘मॅकमिकन’ नावाचा बॅटरी प्रकल्प होता. क्षमता फक्त २ मेगावॉट, साठवण २ मेगावॉट-तास. सगळी बॅटरी एकाच कंटेनरसारख्या खोलीत मावत होती.

१९ एप्रिल २०१९ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास एका रॅकमधील सेलचा विद्युतदाब एकाएकी घसरला. धुराची सूचना देणारी यंत्रणा जागी झाली आणि पाठोपाठ अग्निशामक रसायन सुटले. यंत्रणेने तिला नेमून दिलेले काम केले होते. थोड्या वेळाने रस्त्यावरच्या लोकांना धूर दिसला आणि अग्निशमन दलाला बोलावले गेले. घातक पदार्थ हाताळणारे खास पथकही आले. पथकाने वायूंची मोजणी केली. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड यांचे प्रमाण मोठे होते, म्हणून ते मागे सरून थांबले. मोजमाप कमी झाल्याचे दिसल्यावर रात्री आठच्या सुमारास त्यांनी दार उघडले. काही मिनिटांतच स्फोट झाला. एक अधिकारी वीस मीटरहून अधिक अंतरावर फेकला गेला. आठ जवान आणि एक पोलीस अशा नऊ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांपैकी चौघांच्या दुखापती गंभीर होत्या.

वीज कंपनीसाठी ‘डीएनव्ही जीएल’ या संस्थेने केलेला तपास-अहवाल जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने पाच कारणे नोंदवली. सेलमधील अंतर्गत दोषाने अनियंत्रित उष्णतावाढ सुरू झाली. अग्निशामक यंत्रणा ही क्रिया रोखू शकणारी नव्हती. सेलांमध्ये उष्णतारोधक पडदे नसल्याने ती संपूर्ण रॅकभर पसरली. साचलेला ज्वालाग्राही वायू बाहेर काढण्याची सोय नव्हती. आणि आपत्कालीन योजनेत आग विझवणे, हवा खेळती करणे किंवा आत प्रवेश करणे यांची कार्यपद्धतीच दिलेली नव्हती. सेल बनवणाऱ्या कंपनीने पहिल्या कारणाविषयी मतभेद नोंदवला. बाकीची चार कारणे मात्र पहिल्या कारणावर अवलंबून नाहीत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. सेल कोणत्याही कारणाने बिघडला असता तरी पुढची साखळी हीच राहिली असती.

या घटनेत कोणी उघड चूक केलेली दिसत नाही. रसायन वेळेवर सुटले. जवान सावध होते आणि त्यांनी आपल्या प्रशिक्षणाप्रमाणेच मोजणी केली. परंतु बंद दाराआड किती वायू साचला आहे हे बाहेरून कळण्याचा कोणताही मार्ग त्यांच्याकडे नव्हता. ‘ज्वाळा नाहीत’ ही इतर आगींमध्ये दिलासा देणारी खूण येथे धोक्याची ठरली. बॅटरी-खोलीतल्या जुन्या पंख्याची उणीव येथे स्पष्ट दिसली.

६. मानक आणि संहिता : नियम कोण लिहितो?

अमेरिकेत अग्निसुरक्षेचे नियम घडण्याची पद्धत भारतीय विद्यार्थ्यांना अपरिचित असू शकते. तेथे केंद्राचा एकच अग्निसुरक्षा कायदा नाही. ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ (एनएफपीए) सारख्या बिगरसरकारी संस्था आदर्श संहिता तयार करतात. त्यांच्या समित्यांवर अभियंते, अग्निशमन अधिकारी, विमा कंपन्या आणि उत्पादक बसतात. एखादे राज्य किंवा शहर ती संहिता स्वीकारते तेव्हाच तिला कायद्याचे बळ येते. त्यामुळे संहितेची नवी आवृत्ती निघणे आणि ती गावोगावी लागू होणे यांत काही वर्षांचे अंतर पडते.

बॅटरी साठवणीसाठी दोन दस्तऐवज महत्त्वाचे ठरले. पहिला म्हणजे २०१७ मध्ये आलेली ‘यूएल ९५४०ए’ ही चाचणी-पद्धत. तिच्यात सेल मुद्दाम बिघडवला जातो आणि आग किती पसरते, किती व कोणते वायू निघतात याची मोजणी सेल, मॉड्यूल, पूर्ण संच आणि स्थापना या चार पातळ्यांवर होते. यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा नसतो. मिळालेल्या मोजमापांवरून सुरक्षित रचना ठरवावी, हा तिचा हेतू आहे. दुसरा दस्तऐवज म्हणजे ‘एनएफपीए ८५५’. २०१६ मध्ये सुरू झालेले त्याचे काम मॅकमिकनच्या स्फोटानंतर काही महिन्यांतच, २०१९ मध्ये पूर्ण झाले.

‘८५५’ ने बॅटरीच्या गटांमध्ये किमान सुमारे तीन फूट अंतर, प्रत्येक गटाच्या क्षमतेवर मर्यादा, आणि यांतून सूट हवी असल्यास मोठ्या प्रमाणावरील अग्निचाचणीचा पुरावा अशा अटी घातल्या. स्फोट-नियंत्रणाची तरतूदही त्यात आली : एकतर साचणारा वायू वेळीच बाहेर काढून त्याचे प्रमाण पेट घेण्याच्या पातळीखाली ठेवावे, किंवा स्फोट झालाच तर दाब सुरक्षित दिशेने बाहेर पडेल असे झाकण ठेवावे. २०२३ च्या आवृत्तीत या तरतुदी अधिक कडक झाल्या आणि धोक्यांचे लेखी विश्लेषण अधिक व्यापकपणे मागितले जाऊ लागले. जुन्या बॅटरी-खोलीतील तत्त्व नव्या भाषेत, मोजमापांसह परत आले होते.

७. ‘विझवू नका’ : अग्निशमनाचा बदललेला विचार

१६ एप्रिल २०२१ रोजी बीजिंगच्या फंगताई भागातील एका साठवण केंद्रात आग लागली आणि स्फोट झाला. दोन जवान आणि एक कर्मचारी मृत्युमुखी पडले. तेथील बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची होती. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारापेक्षा ही अधिक सुरक्षित मानली जाते आणि उष्णतेच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु वायू साचला तर स्फोट याही प्रकारात होतो, हे त्या दिवशी दिसले.

त्याच वर्षी ३० जुलैला ऑस्ट्रेलियातील जिलाँगजवळ ‘व्हिक्टोरियन बिग बॅटरी’ या ३०० मेगावॉट प्रकल्पाची चाचणी चालू असताना एक संच पेटला आणि आग शेजारच्या दुसऱ्या संचापर्यंत गेली. कूलंट गळून झालेला शॉर्ट सर्किट हे त्याचे कारण होते, आणि पहिला संच तेव्हा देखरेख-यंत्रणेला जोडलेला नव्हता. अग्निशमन दलाने जळणारे संच जळू दिले आणि पाण्याने शेजारचे संच थंड ठेवले. आग आटोक्यात यायला काही दिवस लागले, पण कोणी जखमी झाले नाही आणि दोनशेहून अधिक संचांपैकी दोनच जळाले.

मॅकमिकन आणि जिलाँग यांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्या ठिकाणी आग ‘विझली’ आणि माणसे जखमी झाली, दुसऱ्या ठिकाणी आग जळू दिली आणि माणसे सुखरूप राहिली. उघड्यावर, अंतर राखून ठेवलेल्या संचांसाठी ‘जळू द्या, शेजारचे वाचवा’ हे धोरण यानंतर अधिकाधिक स्वीकारले गेले. या धोरणाला एक अट मात्र आहे : संच एकमेकांपासून पुरेसे दूर हवेत. एकाच छताखाली ठेवलेल्या बॅटऱ्यांना ते लागू पडत नाही. ही अट पुढे कॅलिफोर्नियात निर्णायक ठरली.

८. न्यूयॉर्क : तीन आगी आणि पंधरा शिफारशी

२०२३ मध्ये मे अखेर ते जुलै अखेर या दोन महिन्यांत न्यूयॉर्क राज्यात ईस्ट हॅम्प्टन, वॉरविक आणि शोमाँट या तीन ठिकाणी बॅटरी प्रकल्पांना आगी लागल्या. राज्याने २०३० पर्यंत ६,००० मेगावॉट साठवणीचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि दुसरीकडे अनेक गावांनी नव्या प्रकल्पांवर तात्पुरती बंदी घालण्यास सुरुवात केली. गव्हर्नर कॅथी होकल यांनी २८ जुलै २०२३ रोजी अग्निसुरक्षा, ऊर्जा, पर्यावरण आदी खात्यांचा संयुक्त कार्यगट नेमला.

कार्यगटाने आधी तथ्ये गोळा केली. तीनही आगींत कोणी जखमी झाल्याची नोंद नव्हती आणि परिसरात विषारी द्रव्यांची घातक पातळी आढळली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने अग्निसंहितेसाठी पंधरा शिफारशींचा मसुदा मांडला. प्रकल्पाच्या आराखड्याची त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. त्या तपासणीचा खर्च गावावर न पडता उद्योगाने उचलावा. स्फोट-नियंत्रणाची अट लहान कपाटवजा संचांनाही लागू व्हावी. प्रकल्पाची माहिती असलेला जाणकार पंधरा मिनिटांत निघण्यास तयार असावा आणि चार तासांत घटनास्थळी पोहोचावा. स्थानिक दलाला दरवर्षी प्रशिक्षण मिळावे. या शिफारशींचा आधार घेऊन राज्याची सुधारित संहिता पुढे तयार झाली.

या शिफारशींपैकी बऱ्याच यंत्रापेक्षा माणसांविषयी आहेत. न्यूयॉर्कच्या ग्रामीण भागात अग्निशमन दले बहुधा स्वयंसेवकांची असतात. रात्री दोन वाजता दार उघडावे की नाही, हे ठरवणाऱ्या स्वयंसेवकाला फोनवर उत्तर देणारा कोणी तरी हवा, हे नियमाच्या भाषेत प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले गेले.

९. कॅलिफोर्निया : मॉस लँडिंग

मॉन्टेरी उपसागराच्या काठावर मॉस लँडिंग येथे १९५० पासून एक औष्णिक वीजकेंद्र होते. त्याच्या रिकाम्या झालेल्या टर्बाइन-गृहात ‘व्हिस्ट्रा’ कंपनीने २०२० च्या अखेरीस ३०० मेगावॉट आणि १,२०० मेगावॉट-तास क्षमतेची बॅटरी सुरू केली. पुढच्या टप्प्यांसह हा प्रकल्प ७५० मेगावॉटचा आणि त्या काळी जगातील सर्वांत मोठ्यांपैकी एक झाला. जुनी इमारत, तयार वीजवाहिन्या, आधीच औद्योगिक असलेली जमीन : आर्थिक दृष्टीने ही निवड अत्यंत सोयीची होती. या टप्प्याचा वीजकरार २०१८ मध्ये मंजूर झाला तेव्हा ‘८५५’ ची पहिली आवृत्तीही निघालेली नव्हती.

सप्टेंबर २०२१ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये येथील दोन टप्प्यांत आग न लागताच पाण्याचे फवारे सुटून बॅटऱ्या भिजल्या आणि नुकसान झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारीच असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या खुल्या प्रकल्पात एक संच जळाला. त्याचे कारण आत शिरलेले पाणी हे होते. तेथे आग एका संचापुरतीच राहिली.

१६ जानेवारी २०२५ रोजी दुपारी टर्बाइन-गृहातील बॅटऱ्यांना आग लागली. रॅकमधील अग्निशामक यंत्रणा उपयोगी पडली नाही, असे स्थानिक अग्निशमन प्रमुखांनी सांगितले. सुमारे १,२०० ते १,५०० लोकांना घरे सोडावी लागली आणि किनारी महामार्ग बंद झाला. इमारतीतील निम्म्याहून अधिक बॅटऱ्या जळाल्या. १८ फेब्रुवारीला आग पुन्हा पेटली. मनुष्यहानी झाली नाही. हवेच्या मोजणीत हायड्रोजन फ्लोराइडची पातळी आरोग्य-मर्यादेबाहेर आढळली नाही, परंतु शेजारच्या एल्कहॉर्न स्लू या पाणथळ प्रदेशाच्या मातीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचे वाढलेले प्रमाण संशोधकांना मिळाले. मॉन्टेरी काउंटीचे पर्यवेक्षक ग्लेन चर्च यांनी या घटनेची तुलना थ्री माइल आयलंड येथील १९७९ च्या अणुदुर्घटनेशी केली.

या आगीने तीन वेगवेगळे प्रश्न पुढे आणले. पहिला जुन्या प्रकल्पांचा. नवी संहिता सहसा नव्या बांधकामाला लागू होते, आधी उभे असलेले प्रकल्प आपल्या काळच्या नियमांवर चालू राहतात. दुसरा अधिकारक्षेत्राचा. २०२२ च्या ‘एबी २०५’ कायद्याने मोठ्या साठवण प्रकल्पांना स्थानिक संस्थेऐवजी थेट राज्याच्या ऊर्जा आयोगाकडून परवानगी मागण्याचा पर्याय दिला होता. आग लागल्यावर धावून जाणारे दल मात्र स्थानिकच राहते. तिसरा देखरेखीचा. २०००–०१ च्या वीजसंकटानंतर राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने वीजकेंद्रांच्या देखभालीसाठी ‘सामान्य आदेश १६७’ काढला होता. वीज तयारही न करणारी आणि वापरतही नसणारी, फक्त साठवणारी बॅटरी त्यात स्पष्टपणे बसत नव्हती.

याची जाणीव विधिमंडळाला आगीआधीच झाली होती. २०२२ च्या ‘एसबी १३८३’ कायद्याने आयोगाला साठवण प्रकल्पांसाठी मानके लागू करण्यास सांगितले. २०२३ च्या ‘एसबी ३८’ ने प्रत्येक प्रकल्पाला स्थानिक यंत्रणांशी समन्वयाने आपत्कालीन योजना करणे बंधनकारक केले. आयोगाने सुधारित ‘आदेश १६७-सी’ १३ मार्च २०२५ रोजी, म्हणजे आगीनंतर दोन महिन्यांनी संमत केला. त्यात बॅटरी प्रकल्पांची देखभाल, नोंदवही आणि आपत्कालीन योजनांवरील देखरेख यांचा समावेश झाला. कायदा होणे आणि नियम लागू होणे यांतील दोन-अडीच वर्षांत आग लागून गेली.

या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेतील ‘एप्री’ या विद्युत संशोधन संस्थेच्या २०२४ मधील विश्लेषणानुसार, उभारलेल्या क्षमतेच्या प्रमाणात बिघाडांचा दर २०१८ ते २०२३ दरम्यान सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. ज्या घटनांची कारणे ठरवता आली त्यांत सेलपेक्षा जोडणी, उभारणी, नियंत्रण-यंत्रणा आणि इतर सहायक भागांतील दोष अधिक होते. म्हणजे नियमांचा आणि अनुभवाचा उपयोग झालेला दिसतो. काळजीचा विषय उरतो तो मधल्या काळात, जुन्या समजुतींवर उभारलेल्या प्रकल्पांचा.

१०. भारतासाठी संदर्भ

भारतातील पहिली वीजजाळ्यास जोडलेली मोठी बॅटरी, १० मेगावॉट क्षमतेची, फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीतील रोहिणी येथे सुरू झाली. मॅकमिकनचा स्फोट त्यानंतर दोन महिन्यांनी झाला. आता प्रमाण झपाट्याने बदलत आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या राष्ट्रीय विद्युत योजनेत २०३१-३२ पर्यंत सुमारे ४७ गिगावॉट बॅटरी साठवणीची गरज वर्तवली आहे.

नियमनाची रचना आपल्याकडेही विभागलेली आहे. वीज हा समवर्ती सूचीतील विषय आहे आणि विद्युत सुरक्षेचे विनियम विद्युत अधिनियम, २००३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरण करते. अग्निशमन सेवा राज्यांच्या आणि महानगरपालिकांच्या हाती आहे. प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांमध्ये बॅटरी प्रकल्पांसाठी खास तरतुदींची भर घालण्याचा मसुदा २०२५ मध्ये पुढे आला. दुर्घटनेनंतर नियम हा अनुभव आपणही घेतला आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. देशात इतरत्रही अशा घटना घडल्या आणि त्यानंतर वाहनांच्या बॅटरीसाठीचे ‘एआयएस १५६’ हे मानक कडक करण्यात आले.

भारताला एक फायदा आहे : बहुतेक मोठे प्रकल्प अजून उभे राहायचे आहेत. अंतर, वायू बाहेर काढण्याची सोय, त्रयस्थ तपासणी आणि स्थानिक दलाचे प्रशिक्षण या गोष्टी निविदेच्या अटींतच घालता येतात. त्या नंतर बसवणे फार महाग पडते. राजस्थान किंवा गुजरातमधील ओसाड माळरानावरच्या प्रकल्पासाठी सर्वांत जवळचे अग्निशमन केंद्र किती दूर आहे आणि तेथील जवानाला या कंटेनरविषयी काय सांगितले गेले आहे, हा प्रश्न परवानगीच्या वेळीच विचारला गेला पाहिजे.

सारांश

बॅटरी साठवणीच्या अग्निसुरक्षेचा इतिहास हा प्रामुख्याने बंद जागेत साचणाऱ्या वायूचा इतिहास आहे. शिसे-आम्ल काळातील खेळत्या हवेचा नियम लिथियम-आयनच्या बंद कंटेनरमध्ये मागे पडला. मॅकमिकनच्या स्फोटाने त्याची आठवण करून दिली आणि ‘एनएफपीए ८५५’ ने त्याला संहितेत स्थान दिले. जिलाँगने अंतराचे महत्त्व दाखवले, न्यूयॉर्कने प्रशिक्षित माणसांचे, तर मॉस लँडिंगने जुन्या प्रकल्पांचे आणि विभागलेल्या जबाबदारीचे. नियमांमधील प्रत्येक सुधारणेमागे एक विशिष्ट घटना आहे. ती घटना ठाऊक असेल तर नियमाचा हेतू कळतो, आणि हेतू कळला तर तंत्रज्ञान बदलल्यावरही तो नियम अनावश्यक समजून वगळला जात नाही.

स्वाध्याय

१. शिसे-आम्ल बॅटरीसाठी वायुवीजनाचा नियम का होता? लिथियम-आयनच्या सुरुवातीच्या रचनेत तो का गळला?
२. ‘मॅकमिकन येथे अग्निशामक यंत्रणेने आपले काम केले, तरीही दुर्घटना घडली.’ स्पष्ट करा.
३. आदर्श संहिता आणि कायदा यांतील फरक अमेरिकेच्या उदाहरणाने सांगा.
४. ‘जळू द्या, शेजारचे वाचवा’ हे धोरण मॉस लँडिंगच्या टर्बाइन-गृहात का लागू पडले नसते?
५. आपल्या जिल्ह्यात बॅटरी साठवण प्रकल्प प्रस्तावित आहे असे समजा. स्थानिक अग्निशमन दलाच्या वतीने परवानगीपूर्वी विचारावयाचे पाच प्रश्न तयार करा आणि प्रत्येकामागील कारण लिहा.